तीन रविवारांची पेंड

काका, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि या बारा दिवसांत मला कुणी धड एक प्रश्न विचारलेला नाही. म्हणजे विचारतात. जेवलीस का, बस आली का, रिपोर्ट सही झाला का. पण लिफ्टचं दार बंद होता होता "शीतल, माशाला तहान लागते का गं?" असं विचारून तिसऱ्या मजल्यावर उतरून जाणारं कुणी नाही. त्या दिवशी मी पाचव्यापर्यंत गेले, कुलूप उघडलं, भाजी फ्रीजमध्ये ठेवली आणि मग तासभर मोबाईलवर तेच शोधत बसले. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही, ते त्याच्या अंगातूनच आत शिरतं, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी तुमच्यामुळे कळलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "म्हणजे बिचाऱ्याला तहान काय असते तेच माहीत नाही."

मागच्या वर्षी गणपती नुकतेच गेले होते. रविवारची सकाळ होती, मी डोक्याला तेल लावून बसले होते आणि बेल वाजली. दारात तुम्ही, हातात काळी कॅरीबॅग, तिच्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. तोवर आपली ओळख गुड मॉर्निंगपुरती. कंपनीतून रिटायर झालेले तिसऱ्या मजल्यावरचे वाघमारे काका, रविवारी गळ घेऊन जातात, एवढंच मला माहीत.

"तू लॅबमध्ये असतेस ना?"

"हो."

"मग सांग, हा का मेला."

मी पिशवीत डोकावले. हातभर लांबीचा मासा, डोळा पांढरा झालेला. मी म्हटलं, "काका, मी चाकणला पशुखाद्याच्या कंपनीत आहे. मी पेंड तपासते, मासे नाही."

"अगं, मासा पेंडच खातो," तुम्ही म्हणालात.

तेल लावलेल्या डोक्याने मी तुमच्याबरोबर गच्चीवर गेले. भाजीची सुरी घेतली. बी.एस्सी.ला लातूरला एकदा मासा कापला होता, त्यानंतर थेट हा. तुम्ही वर्तमानपत्र अंथरलंत, चारी कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवलेत आणि चष्मा पुसून माझ्या शेजारी उकिडवे बसलात.

"हे आतडं. किती लांब आहे बघा."

"आणि पोट कुठंय?"

मी शोधलं. मग आठवलं. "याला पोट नसतं काका. कार्प जातीला जठर नाही. घशातून थेट आतडं."

तुम्ही ते आतडं बोटाने उचलून बघितलंत. मग म्हणालात, "पोटच नाही? आणि दिवसभर खात असतो?"

"म्हणूनच दिवसभर खात असतो. साठवायला जागाच नाही ना."

घशातले दातही दाखवले तुम्हाला. तोंडात एक दात नाही आणि घशात मात्र दाढा. त्या तुम्ही नळाखाली धुऊन खिशात घातल्यात आणि चहाच्या टपरीवर चार जणांना दाखवून आलात, हे मला नंतर टपरीवाल्याने सांगितलं.

पण यकृत बघून मी थांबले. फिकट पिवळं, तुपात बोट बुडवावं तसं हाताला लागणारं, मध्येमध्ये बारीक ठिपके. मी म्हटलं, हे काही बरोबर दिसत नाही. तर तुम्ही ताडकन म्हणालात, "बरोबर कसं असतं ते दाखव. चांगला पीस समोर नसताना रिजेक्ट कसा ठरवणार?" अख्खा जन्म इन्स्पेक्शनमध्ये काढलेला माणूस. तिथूनच स्कूटर काढलीत, पिंपरीच्या बाजारातून त्याच जातीचा ताजा मासा घेऊन आलात. तो कापला. यकृत गर्द तांबूस, बोकडाच्या कलेजीसारखं घट्ट. दोन्ही शेजारी ठेवले. फरक सांगायला लॅबची गरजच नव्हती.

पुढच्या रविवारी तो मासा जिथे मरून वर आला होता त्या खाणीवर तुम्ही मला नेलंत. मोशीत सात वर्षं राहून मी ती कधी पाहिली नव्हती. दगड काढून काढून सोडून दिलेली, आता हिरव्या पाण्याने भरलेली. तीन बाजूंनी उभा कातळ, चौथीकडे उतार, आणि उतारावर ओळीने बसलेली तुमची मंडळी. कुणी रिटायर, कुणी आठवड्याच्या सुट्टीवर आलेले, बहुतेकांच्या अंगावर जुने कंपनीचे शर्ट. खाणीशेजारची जमीन बाळासाहेबांची. गावातलं जुनं घराणं, मासेही त्यांनीच सोडलेले. कुणाला अडवत नाहीत, फक्त जाळं टाकू देत नाहीत.

"कंपनीचं पानी," बाळासाहेबांनी मला बघितल्या बघितल्या निकाल दिला. "त्याच्याबिगर मासं मरत न्हाईत मॅडम. नदीचं काय झालंय बघितलं न्हाई का? आळंदीला जाऊन बघा, नुसता फेस."

मी विचारलं, "नदीचं पाणी इथे येतं?"

"न्हाई."

"मग नाला वगैरे?"

"न्हाई वं. वरून येतं तेवढंच. पावसाचं."

"मग कंपनीचं पाणी इथे कसं आलं?"

बाळासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. तुम्ही माझ्याकडे बघून हसत होतात. तुमचा प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारला याचा आनंद तुम्हाला लपवता येत नसे.

मग मी ओळीने सगळ्यांचे डबे बघत गेले. प्रत्येकाच्या आमिषाची कृती गुपित. एकाचा ब्रेड, त्यात आइस्क्रीमचा इसेन्स. एकाचं शिळं फरसाण कुटून कणकेत मळलेलं, हाताला तेल सुटत होतं. एकाचा कोरडा मका, न भिजवलेला, न शिजवलेला. तो माशाच्या आतड्यात जाऊन फुगतो, हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, मग मासा पकडायला सोपा जात असेल ना?" आणि तुमचा स्टीलचा डबा. शेंगदाण्याची पेंड, मैदा, बडीशेप. गळ टाकायच्या आधी तुम्ही पेंडीचे लिंबाएवढे गोळे पाण्यात सोडत होतात, एकामागून एक, डबा निम्मा होईपर्यंत.

"हे कशाला?"

"बोलावणं. आधी जेवायला वाढायचं, मग गळ टाकायचा. दहा वर्षं झाली. ते माझी वाट बघतात गं रविवारी."

पकडलेला मासा तुम्ही घरी न्यायचा नाहीत. टेपने मोजायचात, वहीत नाही, नुसतं मोठ्याने बोलायचात, "साडेबावीस!", आणि सोडून द्यायचात. आडनाव वाघमारे आणि मासासुद्धा मारत नाही, असं मंडळी तुम्हाला चिडवायची. त्यातला एक उजवा ओठ फाटलेला मोठा कार्प तुम्ही सहा वेळा पकडला होतात. मुकादम म्हणायचात त्याला. त्या दिवशी तो परत लागला. ओला हात करून तुम्ही त्याला धरलंत, मोजलंत, आणि तुमचा आवाज उतरला. "लांबी तेवढीच आहे. पण बघ, डोकं मोठं दिसतंय. अंग गेलंय याचं."

निघताना मी तुमच्या डब्यातली मूठभर पेंड रुमालात बांधून घेतली. आठवतंय? तुम्ही म्हणालात, "घे की. चांगली आहे. वास बघ, कसा आंबूस येतो. त्याच वासावर येतात ते."

आता पुढचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणून नीट सांगते.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक ट्रकमधल्या पेंडीचा नमुना मी तपासते. शेंगदाण्याच्या पेंडीला दमटपणात एक बुरशी धरते आणि ती विष सोडते. ते दिसत नाही, उकळून जात नाही, आणि जनावराचं यकृत हळूहळू खातं. तपासायला एक पट्टी असते. माल चांगला असेल तर तिच्यावर दोन रेघा उमटतात, विष जास्त असेल तर दुसरी रेघ येतच नाही. मी नवीन होते तेव्हा हे मला फार विचित्र वाटायचं, वाईट बातमी म्हणजे काहीतरी दिसायला हवं, इथे काही न दिसणं हीच वाईट बातमी. बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तुमच्या पेंडीची पट्टी लावली. एकच रेघ. दुसऱ्या पट्टीवर पुन्हा एकच.

तुम्हीच सांगितलं होतंत, स्वस्त मिळाली म्हणून घेतलेलं पोतं, पावसाळाभर तुमच्या बाल्कनीत, कुंड्यांच्या शेजारी. सगळं लगेच कळलं मला.

आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी तुम्ही लिफ्टमध्ये भेटलात, "काही कळलं का?" विचारलंत, मी म्हटलं, "अजून लॅबमध्ये गर्दी आहे काका." मला तुमचं ते वाक्य ऐकू येत होतं, ते माझी वाट बघतात. कसं सांगायचं असतं अशा माणसाला? मी मनाशी म्हटलं, नमुना एकच आहे, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतला, तेच आलं. मग म्हटलं, ही पेंड खाल्ल्यानेच मेला याला पुरावा काय. तेही खरंच होतं. तळाशी कुजणाऱ्या पेंडीने पाण्यातली हवा संपते, त्यानेही मासे मरतात. मी आजसुद्धा एकच कारण छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पेंड बंद करा एवढं सांगायला पुराव्याची काही गरज नव्हती. असे तीन रविवार गेले. तिन्ही रविवारी तुम्ही डबा भरून गेलात आणि मी पाचव्या मजल्यावरून तुमची स्कूटर जाताना बघितली.

तिसऱ्या रविवारी सकाळी तुमचा फोन आला. "मुकादम गेला." एवढंच बोललात.

संध्याकाळी मी तुमच्याकडे आले. तुमच्या नखांत माती होती, खाणीच्या काठावर खड्डा करून त्याला पुरून आला होतात. काकू चहा टाकायला उठल्या आणि मी सांगून टाकलं. पट्टी, रेघ, बुरशी, पोतं. तुम्ही मध्ये एकही प्रश्न विचारला नाहीत. शेवटी एकच विचारलात.

"कधी कळलं तुला?"

"काल," मी म्हणाले.

दोन अक्षरं, काका. माझ्या तोंडून ती इतकी सहज गेली.

"म्हणजे दहा वर्षं मी त्यांना विष घालत होतो?"

"दहा वर्षं नाही हो. या पोत्यातलंच... आणि तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत नको? पस्तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं मी. एक वाकडा पीस माझ्या टेबलवरून पुढे गेला नाही. आणि तू चहा प्यायला येऊन सांगतेस की..." तुम्ही उठून बाल्कनीत गेलात आणि दार ओढून घेतलंत. काकूंनी माझ्यापुढे कप ठेवला, तो मी तसाच ठेवून वर आले.

त्यानंतर पाच आठवडे तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी लिफ्टमध्ये असले की तुम्ही जिन्याने जायचात, त्या गुडघ्यांनी. दिवाळीच्या फराळाचं ताट मी खाली दिलं, ते काकूंनी घेतलं. खाणीवर जाणंही तुम्ही बंद केलं होतंत. मी "काल" म्हटलं ते खोटं होतं हे तुम्हाला कळलंय की काय, या भीतीने मीही बेल वाजवली नाही.

थंडी पडायला लागली आणि एका सकाळी तुम्ही दारात उभे. राम राम नाही, काही नाही.

"समज तुझं खरं आहे. मग सिद्ध कर. दोन टाक्या घेऊ. दोन्हीत सारखे मासे, सारखं पाणी. एकीला ताजी पेंड, एकीला माझी. तीन महिन्यांनी बघू."

मला इतका आनंद झाला की मी तुम्हाला आत या म्हणायचंही विसरले. निळा ड्रम उभा कापून तुम्ही दोन टाक्या केल्यात, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्यात. सोसायटीच्या सेक्रेटरींची, गच्चीवर डास होतील म्हणून हरकत होती, त्यांना तुम्ही म्हणालात, "मासे डासांच्या अळ्याच खातात, तुमच्यावर उपकार होतील." बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं आणली, दहा इकडे, दहा तिकडे. एवढीशी पोरं, पण प्रत्येकाच्या ओठाशी त्या चार मिशा. त्या मिशांनी चव कळते हे मी सांगितल्यावर तुम्ही तुमच्या मिशीला हात लावून बघितलंत.

मग खाणं घालायची वेळ आली. पहिल्या टाकीत मी ताजी पेंड टाकली. दुसऱ्या टाकीपाशी तुम्ही जुन्या पोत्यातली पेंड मुठीत घेऊन उभे राहिलात. मी वाट बघत होते. पिल्लं सगळी वर आली होती, तोंड उघडून. तुम्ही मूठ उघडली नाहीत.

"काका?"

"नाही जमणार हे मला."

"मग प्रयोग कसा होणार?"

"नाही झाला तर नाही झाला. माहीत नसताना घातलं, ते वेगळं. आता माहीत आहे. माहीत असून कसं घालायचं?"

तुम्ही ते पोतं त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत टाकलंत. मी कठड्याला धरून उभी होते. तुम्हाला वाटलं असेल, प्रयोग फसला म्हणून मी गप्प आहे. काका, तुम्ही मला काही बोलला नव्हतात, तुम्ही स्वतःबद्दल बोलत होतात. पण माहीत असून तीन रविवार घालू देणारी मी तिथे तुमच्यापासून दोन हातांवर होते. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "मग दुसरं काहीतरी करून बघू."

दुसरं म्हणजे, एका टाकीला भरपूर, ताजं, चांगलं खाणं. माझी कृती होती ती, मका भिजवून शिजवलेला, थोडी पेंड, थोडा कोंडा. दुसऱ्या टाकीला दिवसाला नुसती चिमूट, बाकी पाण्यात जे होईल ते होऊ द्यायचं. मी म्हटलं होतं, माझी टाकी जिंकणार. तुम्ही म्हणालात, बघू. रोज संध्याकाळी बसमधून उतरले की मी आधी गच्चीवर यायचे. तुम्ही तिथे असायचात, पालथ्या बादलीवर. दुसऱ्या टाकीचं पाणी हिरवं झालं, त्यात अळ्या झाल्या, पिल्लं त्यांच्यामागे बाणासारखी सुटायची. माझ्या टाकीतली सुस्त झाली. पोटं फुगली, पाणी दुधाळ आणि वासाचं, दोनदा बदलूनही तेच. फेब्रुवारीत माझ्या टाकीतली दोन मेली. कापून बघितली. यकृत फिकट, चरबीने भरलेलं.

"लॅब हरली!" तुम्ही टाळी वाजवलीत. मला इतके आनंदात तुम्ही कधी दिसला नव्हतात. मग लगेच गंभीर होऊन म्हणालात, "म्हणजे वाईट घातलं तरी मरतात, चांगलं जास्त घातलं तरी मरतात. मग आपण त्यांना घालतो कशाला गं? त्यांच्यासाठी की आपल्यासाठी?"

उरलेली अठरा आपण खाणीत सोडली. तिथे, उतारावरच्या दगडावर बसून, आपलं ते भांडण सुरू झालं जे अजून संपलेलं नाही. तुम्ही आता गांडूळ वापरायला लागला होतात, एका वेळी एक, बोलावणं बंद. मी म्हटलं, "आमिषाचं झालं काका. पण गळाचं काय? कितीही चांगलं आमिष लावलं तरी आत लोखंड आहेच."

"मुकादम सात वेळा लागला. दुखत असतं तर सातव्यांदा आला असता का?"

"भूक दुखण्यापेक्षा मोठी असेल. त्याला तर पोटही नाही साठवायला."

पुढच्या रविवारी बघते तर तुमच्या सगळ्या गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट केलेले. "अलगद निघतो आता," म्हणालात. मी म्हटलं, हे उत्तर नाही झालं. तुम्ही म्हणालात, "उत्तर शोधतोय. तू घाई करू नको." मग एप्रिल गेला, मे गेला. मध्येच कधीतरी जिन्यात म्हणायचात, "दुखणं आणि घाबरणं एकच असतं का गं?" आणि उत्तर न ऐकता पुढे जायचात.

काकूंचा फोन आला तेव्हा माझी बस चाकणच्या चौकात अडकली होती. सकाळचा चहा घेऊन तुम्ही पेपर उघडलात आणि तसेच मागे टेकलात. मी उतरून रस्ता ओलांडला, मिळेल त्या रिक्षाने उलटी निघाले. वाटेत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, मी "काल" म्हटलं होतं. काल नव्हतं.

परवा तुमचा जलदान विधी झाला. बुद्धवंदना झाली, लोक एकेक करून तुमच्या फोटोपुढे वाकून आले. मी काकूंजवळ बसले होते. खाणीवरची सगळी मंडळी आली होती, आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, मी त्यांना पहिल्यांदा चेहऱ्याने ओळखलंच नाही. बाळासाहेब माझ्याशेजारी येऊन मांडी घालून बसले.

"मॅडम, शिमग्याच्या रविवारी तुमी न्हवता," ते म्हणाले.

खरंच नव्हते. कंपनीत ऑडिट होतं.

"समदी बसली व्हती गळ टाकून. काका उठलं. म्हनलं, जरा ऐका. गेल्या साली आपलं मासं मेलं, आपन कंपनीला शिव्या दिल्या. कंपनीनं न्हाई मारलं. म्या मारलं. माझी पेंड बुरसलेली व्हती. पट्टीवर निघालंय." बाळासाहेबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "आमी म्हनलं, काका, जाऊ द्या, कुनाला ठावं व्हतं. तर म्हनलं, न्हाई, इन्स्पेक्शन माझ्याकडं व्हतं."

मग तुम्ही प्रत्येकाचा डबा उघडायला लावलात म्हणे. प्रत्येकाला स्वतःचं आमिष हुंगायला लावलंत, चाखायला लावलंत. फरसाणवाल्याने तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणालात, तुला गिळवत नाही ते त्याला का? पावसाळ्यात पेंड बंद, मका शिजवल्याशिवाय नाही, आणि दिवसभरात एका माणसाने एक मूठ, बास. कुणी तक्रार केली नाही. "औंदा अजून एकबी वर आला न्हाई," बाळासाहेब म्हणाले, "आजून पाऊस हाय म्हना. पन न्हाई आला."

हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? त्यानंतर चार महिने आपण रोज भेटत होतो. जगातला कुठलाही प्रश्न विचारायचात, आणि हे एवढं मोठं केलेलं पोटात ठेवलंत. मी ऐकत होते आणि मला ते "म्या मारलं" सहन होत नव्हतं. सगळा दोष एकट्याने उचलून तुम्ही निघून गेला होतात आणि मी तिथे खीर खात बसले होते.

मी वाटी खाली ठेवली. "बाळासाहेब, त्यातले तीन रविवार माझे आहेत."

"म्हंजी?"

मी सगळं सांगितलं. बुधवार, दोन पट्ट्या, लिफ्टमधलं खोटं, मुकादम, ते "काल". मंडळीतले दोघे-तिघे सरकून जवळ आले होते, त्यांनीही ऐकलं. आवाज माझा जरा मोठाच झाला असावा, कारण काकू माझ्याकडे बघत होत्या.

बाळासाहेबांनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "पुढच्या बारीला कुनाच्या डब्यात काय निघालं, तर कवा सांगनार?"

"त्याच दिवशी."

"कुनाचंबी असंल तरी?"

"कुणाचंही."

"मग झालं तर," म्हणून ते पाणी प्यायला उठले.

काकूंनी माझा हात हातात घेतला. रडून रडून त्यांचा आवाज बसलाय. म्हणाल्या, "त्यांना सांगितलं असतंस ना, तर पाच आठवड्यांच्या जागी दहा आठवडे बोलले नसते तुझ्याशी. पण मग बोलले असते गं."

मला ते दहा आठवडे चालले असते, काका.